कुमुदताईंची खरेदी

गुलमंडीवरच्या कुठल्याही कापडाच्या दुकानात शिरल्या की कुमुदताई पाटोदकर आधी पाणी मागायच्या. चपला काढून गादीवर मांडी घालून बसायच्या, पदरानं मान टिपायच्या आणि गल्ल्यावरच्या माणसाला म्हणायच्या, "आधी पाणी पाजा हो. फार ऊन आहे." हिवाळ्यातही हेच म्हणायच्या. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "त्याच्या तांब्यातलं पाणी प्यालं की आपण गिऱ्हाईक राहत नाही, पाहुणे होतो. पाहुण्याला माणूस फार फसवत नाही. थोडंच फसवतो."

आम्ही दोघी एका सरकारी कार्यालयात पाणीटंचाईच्या टेबलावर होतो. त्या वरिष्ठ लिपिक, मी नवी नवी लागलेली. माझं गाव लासूर स्टेशनजवळचं, वडील शेती करायचे, आणि मी गारखेड्यात एक खोली भाड्यानं घेऊन राहत होते. कुमुदताईंचं घरही गारखेड्यातच, माझ्यापासून चार गल्ल्या पुढं. ते दुष्काळाचं वर्ष होतं. कन्नड, गंगापूर, वैजापूर, सगळीकडून टँकरचे प्रस्ताव यायचे आणि त्यांचा ढीग आमच्या दोघींच्या खुर्च्यांमध्ये उभा असायचा. बोलायचं तर त्या ढिगावरून मान उंच करून बोलावं लागायचं. गावांना प्यायला पाणी नव्हतं आणि शहर मात्र रोज थोडं थोडं बायपासच्या पलीकडं सरकत होतं. त्या नव्या इमारतींना पाणी कुठून मिळतं, हे आमच्याकडच्या कुठल्याच कागदात नव्हतं.

पहिला पगार झाला त्या संध्याकाळी मी पैठण गेटला जाऊन एक ड्रेस घेतला आणि दुसऱ्या दिवशी घालून आले. कुमुदताईंनी मला जवळ बोलावलं, ओढणीचं टोक हातात घेतलं, उलटं केलं, दोन बोटांत चोळलं.

"कितीला?"

मी सांगितलं. त्यांनी ओढणी सोडली आणि फाईल उघडली. दुपारी डबा खाताना मग म्हणाल्या, "संगीता, राग मानू नकोस. कापड चांगलं आहे, रंग तुला शोभतोय. फक्त तू दुकानात गेलीस तेव्हा तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं, की हिचा आजच पगार झालाय."

मला राग आला होता. पण पुढच्या सुट्टीच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले, आणि मग जातच राहिले.

दिसायला त्या अगदी साध्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, कपाळावर मोठं कुंकू, खांद्याला खाकी कापडाची पिशवी. त्यांच्या घरात तेव्हा पाच माणसं. सासूबाई, नवरा मधुकरराव, मुलगी केतकी, धाकटा मंदार आणि त्या स्वतः. पाचही जणांचे कपडे त्याच आणायच्या, आणि एकालाही दुकानात न्यायच्या नाहीत. मापं हातात होती. केतकीची बाही किती विती, मंदारच्या पँटची उंची किती विती, हे त्यांना पाठ. मुलं किती वेगानं वाढतात याचाही हिशेब असायचा. "केतकी वर्षाला दोन बोटं वाढते, मंदार चार. म्हणून त्याच्या पँटला आत घडी सोडलेली बघायची. घडी नसली तर ती पँट सहा महिन्यांचीच."

स्वेटर त्या चैत्रात घ्यायच्या, सुती साड्या थंडीत. पण त्यांचा खरा हंगाम म्हणजे पितृपंधरवडा. त्या पंधरा दिवसांत कुणी नवं कापड घेत नाही. दुकानदार गादीवर लोळून पेपर वाचत असतात. अशा वेळी कुमुदताई सगळ्या घराची दिवाळी उरकून टाकायच्या. घराणं भिक्षुकाचं, सासूबाई सोवळ्याच्या. त्यांनी एकदा विचारलं म्हणे, "अगं, पितरांच्या दिवसांत नवं कापड?" त्यावर कुमुदताई म्हणाल्या, "पितरं आपलीच आहेत ना? मग नातवंडांना दोन कपडे जास्त मिळाले तर त्यांना वाईट कशाला वाटेल?" सासूबाई जरा वेळ जपमाळ ओढत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माझ्यासाठी आणशील तर काठ बारीक बघ."

भाव करण्याच्या बाबतीत त्यांचे नियम कडक होते. दुकानदाराच्या मालाला नावं ठेवायची नाहीत. "त्यानं पैसे घालून आणलेला माल आहे. त्याला वाईट म्हणून स्वस्त मागायचा, हा कसला न्याय? चांगला आहे म्हणायचं आणि स्वस्त मागायचा." कापड दुकानातल्या दिव्याखाली घ्यायचं नाही, दारापाशी उजेडात नेऊन बघायचं. आणि उठून जायचं नाटक करायचं नाही. उठायचं तर खरंच उठायचं. हा शेवटचा नियम त्यांना एकदा महागात पडला. औरंगपुऱ्यात एका जांभळ्या साडीवरून त्या उठल्या. दुकानदारानं मागून हाक मारली, भावही उतरवला, पण एकदा उठलेल्या बाई परत बसल्या नाहीत. सहा महिन्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीच साडी शेजारच्या गल्लीतल्या एका बाईच्या अंगावर दिसली. दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी मला ते सांगितलं आणि दिवसभर नीट बोलल्या नाहीत. संध्याकाळी पिशवी भरताना स्वतःशीच म्हणाल्या, "तिला तो रंग शोभत नव्हता गं."

सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत शफीभाईंचं कटपिसांचं दुकान होतं. कापडाच्या थानाचे, म्हणजे तागांचे, उरलेले तुकडे तिथं अगदी स्वस्तात मिळायचे, आणि कुमुदताई त्यातून मंदारचे शर्ट, केतकीची परकरपोलकी, उशांचे अभ्रे असं सगळं काढायच्या. शफीभाई आणि त्यांचं भांडण ऐकायला शेजारचा बांगड्यांचा दुकानदार येऊन उभा राहायचा. शफीभाई त्यांना मोठ्या बहिणीसारखं बाजी म्हणायचे. "बाजी, इस भाव में तो मेरेकू भी नहीं पडा." कुमुदताई म्हणायच्या, "तो फिर तुम भी मेरे साथ चलो, दोनों मिलके सस्ता लायेंगे." असं अर्धा तास. मग शफीभाई हात वर करायचे आणि कात्री घ्यायचे.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही तिथं गेलो तेव्हा सगळी गल्ली सुनी होती. कापसाचा पैसा आला की खेड्यावरची माणसं बाजार भरून टाकायची, ती माणसंच आली नव्हती. शफीभाई दारात स्टुलावर बसलेले. त्या दिवशी कुमुदताईंनी पाणी मागितलं नाही. पिशवीतून स्वतःची बाटली काढून दोन घोट प्यायल्या. मग फुलाफुलांचे तीन तुकडे बाजूला काढले.

"क्या हुआ इसका?"

"जो देना है दे देव, बाजी."

"वैसा नहीं. तुम बोलो."

शफीभाईंनी भाव सांगितला. तो आधीच उतरवलेला होता, मलासुद्धा कळलं. कुमुदताईंनी पिशवीत हात घातला, सांगितले तेवढे पैसे मोजून त्यांच्या हातावर ठेवले. शफीभाई नोटांकडं बघतच राहिले. म्हणाले, "बाजी, कुछ नाराज हो क्या हमसे?"

"नाराज कायकू? जल्दी है आज."

घाई कसलीच नव्हती. रिक्षात बसल्यावर त्या बराच वेळ बाहेर बघत होत्या. क्रांती चौक गेल्यावर म्हणाल्या, "समोरचा ताठ बसलेला असला तर भाव करावा. आज काही मजा नाही आली."

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. दिवाळीनंतर आम्ही गेलो तर शफीभाईंच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. त्या दिवशी कुमुदताईंनी पाणीही मागून घेतलं आणि असा भाव पाडला की शफीभाई हसत हसत हात जोडून म्हणाले, "मान गये बाजी, पिछले साल का भी वसूल कर लिया."

माझं लग्न ठरलं ते त्या कोरड्या दोन वर्षांतच. सासर पिशोरचं, शेतीवाडीचं घर, नवरा वाळूजला कंपनीत. आमच्याकडं लग्नाचं कापड दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून घ्यायची रीत, त्याला बस्ता म्हणतात. बस्ता बांधायचा दिवस ठरला आणि माझे वडील, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो, गावाहून सकाळच्या गाडीनं आले. नवं धोतर, डोक्यावर टोपी, आणि चेहरा असा की जणू यांनाच कुणी बघायला येणार आहे. त्या वर्षी शेतात काही पिकलेलं नव्हतं. लग्न पुढं ढकलू म्हटलं तर पाहुण्यांना वेगळं वाटलं असतं.

मी कुमुदताईंना फक्त सोबत या म्हटलं होतं. त्या रजा टाकून आल्या. शहागंजातल्या त्या मोठ्या दुकानाच्या अलीकडं चहाचं हॉटेल होतं, तिथं त्यांनी आण्णांना बसवलं.

"आण्णा, तुमच्याजवळ पैसे किती, ते मला सांगू नका. तिकडून कोण कोण येणार, आणि त्यात कुणाच्या तोंडाला भ्यायचं, तेवढं सांगा."

आण्णा पहिल्यांदाच थोडं हसले. "ताई, सासू गरीब हाय. मोठी सून तर बोलतच नाय. पर नवरदेवाची आत्या लई कडक. अख्ख्या पिशोरात तिच्या तोंडी कुणी लागत नाय. मागच्या लग्नात नवरीकडच्यांनी दिलेली साडी तिनं मांडवातच परत केली व्हती."

"बास. मला तेवढंच हवं होतं."

पिशोरची मंडळी आली. सासूबाई, मोठी जाऊ आणि आत्याबाई. आत्याबाई उंच, काळ्यासावळ्या, नऊवारी नेसलेल्या, हातात पितळी मुठीची काठी. दुकानात शिरल्याबरोबर कुमुदताई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. पाणी मागितलं, आधी त्यांना दिलं.

"आत्याबाई, मी संगीताच्या ऑफिसातली. मला तुमच्या गावाकडच्या रीती काही कळत नाहीत. आण्णा म्हणाले, कापड बघावं तर तुम्हीच. म्हणून म्हटलं, आपण दोघी बसू. तुम्ही हो म्हणाल ते घ्यायचं, नाही म्हणाल ते ठेवून द्यायचं."

आत्याबाईंनी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी घाईघाईनं मान हलवली. "व्हय, व्हय. तुमच्याबिगर कुणाला कळतंय!"

मग दुकानदारानं पहिली साडी उलगडली आणि भाव सांगितला. कुमुदताई गप्प. नुसतं आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत होत्या. आत्याबाईंनी साडीला हात लावला आणि काठी जमिनीवर आपटली.

"कितीला? आरं, सोन्याची हाय का? पिशोरच्या बाजारात हिच्यात दोन येतील!"

पुढचे तीन तास आत्याबाईच भांडत होत्या. नवरीच्या शालूपासून मानाच्या टॉवेल-टोपीपर्यंत एकेका नगावर त्यांनी दुकानदाराला घाम फोडला. वाचणारा पैसा कुणाचा आहे, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. कुमुदताई मधूनच हळू आवाजात म्हणायच्या, "जाऊ द्या आत्याबाई, बिचारा एवढं म्हणतोय तर," की आत्याबाई आणखी चढायच्या. शेवटी आत्याबाईंच्या साडीची वेळ आली तेव्हा कुमुदताईंनी दुकानातली सगळ्यात भारी काढायला लावली आणि आण्णांना म्हणाल्या, "ही मात्र भाव न करता घ्यायची. त्यांच्यासाठी त्यांनाच भांडायला लावणं बरं दिसत नाही."

आण्णांनी खिशातून पैसे बांधलेला रुमाल काढला. पैसे देऊनही त्यात काही उरलं होतं. गाडीत बसताना ते कुमुदताईंना म्हणाले, "ताई, तुमी आमच्या गावात असत्या ना, सरपंच केलं असतं." आत्याबाई अजून आहेत. आमच्या लग्नाचा बस्ता आपण एकटीनं कसा बांधला, हे त्या अजूनही प्रत्येक लग्नात सांगतात.

कुमुदताईंच्या घरी मी बरेचदा जायचे. सुट्टीच्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास गेले की जिन्यात मधुकरराव भेटायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात बॅग. "या या, आहे घरात," म्हणायचे आणि उतरून जायचे. ते कुठल्या तरी ऑफिसात असतील असं मी दोन वर्षं धरून चालले होते. कुणी विचारलं असतं तर तसं सांगितलंही असतं.

एका शनिवारी कुमुदताई मला निराला बाजारात एका शर्टांच्या दुकानात घेऊन गेल्या. काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर 'एकच भाव' अशी पाटी. अशा दुकानात त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन शर्ट निवडले आणि कापडाला हातही न लावता पैसे दिले.

मी बाहेर आल्यावर म्हटलं, "कुमुदताई, हे काय? याच्यात तर सिटी चौकात चार आले असते."

"याच्यात नाही करायचा भाव."

समोर रसवंती होती. रसाचा ग्लास हातात धरून त्यांनी सांगितलं. मधुकरराव चिकलठाण्याला एका कंपनीत स्टोअरला होते. कंपनी बंद पडली त्याला नऊ वर्षं झाली होती. दुसरं काम मिळालं नाही. काही दिवस शोधलं, मग शोधणं थांबलं. सकाळी दहाला ते बाहेर पडत आणि वाचनालयात जाऊन बसत, दुपारी दोनला परत येत. घरात सगळ्यांना माहीत होतं. गल्लीत कुणाला नव्हतं.

"पहिल्या वर्षी मी त्यांना एक शर्ट आणला होता. कंपनीचा माल, थोडा डागी म्हणून स्वस्त मिळालेला. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं. आत शेपटाला शिक्का होता, 'सेकंड' असा. शर्ट पँटीत खोचला की दिसत नाही. पण घालणाऱ्याला तर दिसतो ना. त्यांनी घातला, आरशात बघितलं आणि काढून घडी करून ठेवला. आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तेव्हापासून त्यांचा शर्ट मी असाच घेते. आम्ही चौघं बाकीचं सांभाळून घेतो."

त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की मी इतके दिवस जी मजा म्हणून बघत होते, त्याच्यावर एक घर उभं होतं. पण त्यांना मजा येत नव्हती असंही नाही. भाव पाडला की त्यांचे डोळे लहान मुलीसारखे चमकायचे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

केतकी हुशार निघाली. इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरी लागली, आणि चांगला पगार घेऊ लागली. तोवर जालना रोडच्या बाजूला मोठा मॉल झाला होता, गारखेड्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशीही तयार कपड्यांची तीन दुकानं आली होती. केतकीचं लग्न ठरलं. शालू कुमुदताईंनी पितृपंधरवड्यात घेऊनच ठेवला होता. स्वागतसमारंभासाठी मात्र केतकीला घागरा हवा होता, आणि तो तिला मॉलमधूनच घ्यायचा होता, स्वतःच्या पैशानं. "संगीतामावशी, तूही चल," म्हणाली, म्हणून मीही गेले.

सरकत्या जिन्यावर चढताना केतकी आईच्या कानाशी वाकली. हळूच बोलली, पण मी मागच्याच पायरीवर होते.

"आई, प्लीज. इथं भाव करू नकोस हं. आणि पाणीबिणी मागू नकोस."

"नाही गं. मला काय कळत नाही का?" कुमुदताई म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि कोपऱ्यातल्या मऊ खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. केतकीनं पाच-सहा घागरे घालून पाहिले. शेवटी एक डाळिंबी रंगाचा तिला आवडला. आरशासमोर गोल फिरली. तिचा चेहरा असा फुलला होता की दुकानातल्या मुलीसुद्धा हसल्या. "आई, बघ ना!"

कुमुदताई उठल्या. घागऱ्याच्या घेराच्या एकेका उभ्या पट्टीवरून हात फिरवला. एक कळी, दुसरी, तिसरी. चौथ्या कळीवर हात थांबला. पुन्हा मागं आला, पुन्हा पुढं गेला. त्यांनी मान वर करून इकडंतिकडं पाहिलं. त्या उजेड शोधत होत्या. पण तिथं चारी बाजूंनी दिवेच होते, ऊन कुठूनच येत नव्हतं.

"कसा आहे?"

"छान आहे," कुमुदताई म्हणाल्या. "तुला शोभतोय."

केतकी पैसे द्यायला गेली तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"एक कळी दुसऱ्या थानातली आहे. हाताला वेगळी लागते. उन्हात रंग वेगळा दिसेल."

"मग सांगा ना तिला!"

त्या केतकीच्या पाठीकडं बघत राहिल्या. "तिनं सांगितलंय ना, काही बोलू नको म्हणून," एवढंच म्हणाल्या.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी त्यांच्याकडं रुखवताचं सामान बांधायला गेले होते. सकाळचं ऊन गॅलरीत आलं होतं. केतकीनं घागरा दोरीवर टाकला आणि एकदम ओरडली. बाकीचा घागरा डाळिंबी आणि एक कळी विटकरीकडं झुकलेली. दुकानाला फोन केला, तर त्यांनी बिलावरची अट वाचून दाखवली. उंची कमी करून घेतली आहे, आता बदलून मिळणार नाही. केतकी खाली बसून रडायला लागली.

कुमुदताईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. घागरा मांडीवर घेतला, कमरेचे हूक कुठं आहेत ते बघितलं. "सुई दे गं," मला म्हणाल्या. त्यांनी हूक उसवले, चार कळ्या सोडून दुसरी शिवण उसवून तिथं लावले, जुनी फट आतून शिवून टाकली. घागरा कमरेवर तेवढा फिरला. "घाल बघू." केतकीनं घातला. विटकरी कळी बरोबर पाठीमागं गेली होती, आणि ओढणी सोडल्यावर तिच्याखाली दिसेनाशी झाली. सगळं मिळून पाऊण तास लागला असेल.

केतकीनं डोळे पुसले. आरशात वळून वळून पाहिलं. मग आईकडं बघून म्हणाली, "आई, तू दुकानात एवढा हात फिरवला होतास. तुला नाही कळलं?"

माझ्या हातात दोऱ्याचं रीळ होतं. मी मान खाली घातली.

"नाही गं बाई, नाही कळलं," कुमुदताई म्हणाल्या.

"कमाल आहे! तुला नाही कळलं? आई, तुझे डोळे तपासायला हवेत."

आणि लग्न झाल्यावर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा केतकीनं खरोखरच आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. थोडासा नंबर निघाला, वयाप्रमाणं. तिनं चांगला महागातला चष्मा करून दिला. कुमुदताई तो लावून कार्यालयात आल्या तेव्हा मला राहवलं नाही.

"खोटं कशाला बोललात? सगळ्या शहरात एवढी नजर कुणाची नाही, आणि स्वतःच्या लेकीपुढं आंधळं व्हायचं?"

टँकरचे प्रस्ताव त्या वर्षी नव्हते. मधली जागा मोकळी होती. त्या चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या.

"मला दिसलं होतं म्हटलं असतं, तर तिला काय वाटलं असतं? आईनं बघितलं, आणि आपली फजिती व्हावी म्हणून मुद्दाम गप्प बसली."

"पण तसं तर नव्हतं ना."

त्यांनी चष्मा खिडकीच्या उजेडात धरून बघितला.

"थोडंसं तसंच होतं गं," म्हणाल्या. "त्या जिन्यावर तिनं मला गप्प बसायला सांगितलं ना, ते लागलं होतं मला. एक शब्द बोलले असते तर तिथंच दुसरा घेता आला असता. मी नाही बोलले. आणि दोन दिवसांवर लग्न असताना पोरगी माझ्यासमोर रडत बसली." चष्मा त्यांनी पुन्हा लावला. "म्हणून तो शिवला. तिच्यासाठी नाही. माझ्यासाठी शिवला."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल मला सांगितलेली ही एकच गोष्ट, जिच्यात त्यांचा भाव उतरला होता. आणि तरी त्या दिवसानंतर मला त्या जास्त जवळच्या वाटू लागल्या.

कुमुदताईंच्या सासूबाई आधीच वारल्या होत्या. मंदार नोकरीसाठी हैदराबादला गेला. कुमुदताई निवृत्त झाल्या आणि वर्षभरात केतकीनं हट्ट धरला, की दोघांनी आता पुण्याला यायचं. तिला दिवस गेले होते. गारखेड्याचं घर भाड्यानं द्यायचं ठरलं. सामान आदल्या दिवशी टेम्पोनं पुढं गेलं, त्या रात्री केतकी स्वतः गाडी घेऊन न्यायला आली, आणि सकाळी आठला निघायचं ठरलं. मी निरोप द्यायला गेले.

मधुकरराव आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. कुमुदताई जिन्यातून उतरल्या आणि मी बघतच राहिले. त्यांनी पंजाबी ड्रेस घातला होता. फिकट पिवळा, बारीक नक्षीचा. साठीला आलेल्या या बाईला मी आजवर कधी साडीखेरीज दुसऱ्या कशात पाहिलेलं नव्हतं. लांबच्या प्रवासाला बरा पडेल म्हणून केतकीनं आणलेला. त्या एका हातानं कुर्ता खाली ओढत होत्या, दुसऱ्या हातानं ओढणी सारखी खांद्यावर घेत होत्या, आणि ती सारखी घसरत होती. शेजारच्या दोघीतिघी दारात आल्या होत्या, त्यांच्याकडं बघायलाही लाजत होत्या.

माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "कशी दिसते गं? खरं सांग."

"छान दिसता."

"विचित्र नाही ना दिसत?"

"नाही हो. खरंच छान."

त्या हसल्या. माझ्या हातावर हात ठेवला, आणखी काही बोलणार होत्या, पण केतकीनं हॉर्न वाजवला. मागच्या सीटवर जाऊन बसल्या, दार ओढून घेतलं, गाडी निघाली. दहा पावलं गेली असेल, तेवढ्यात मला दिसलं, की ओढणीचं टोक दारात अडकून बाहेर लोंबतंय, रस्त्याला लागतंय. मी हात करून ओरडले.

गाडी थांबली. केतकी खाली उतरली. पोट आलेलं, म्हणून सावकाश चालत मागं आली, दार उघडलं, ओढणीचं टोक उचललं, त्याची धूळ हातानं झटकली आणि आईच्या मांडीवर नीट घडी करून ठेवलं. कुमुदताई लहान मुलीसारख्या हात बाजूला धरून बसल्या होत्या. मग केतकीनं दार लावलं, लागलं का ते ओढून पाहिलं, आणि गाडी बायपासच्या दिशेनं गेली.